नारिंगी बोटीचा पुरावा

“एक पास गळ्यात अडकवला की अख्खी अमेरिका खिशात,” नरेंद्र म्हणाला. “रेल्वे, बस, बोट. कुठेही चढा, कुठेही उतरा. मी स्वतः टेस्ट केलंय, रामभाऊ. तुम्ही फक्त खिडकीत बसायचं आणि बाहेर बघायचं.”

हे त्याने वेस्ट विंडसरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, श्रीखंडाचा चमचा हवेत धरून आमच्या होणाऱ्या व्याह्यांना ऐकवलं. मी पुऱ्या तळत होते. माझा नवरा ‘मी स्वतः टेस्ट केलंय’ म्हणाला की मला दरदरून घाम फुटतो. पण गॅसपुढे उभं असताना घाम नक्की कशाचा हे कळत नाही, म्हणून मी गप्प बसले. तिथेच चुकलं.

रामभाऊ आणि रमाबाई मेश्राम नागपूरहून आले होते. ते पाटबंधारे खात्यातून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, त्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. त्यांचा प्रितम आणि आमची अनया शनिवारी लग्न करणार होते, आणि ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर. बेट का, तर दोघं तिथे पहिल्यांदा भेटले. पूर्वी मुलं-मुली कांदेपोह्यांवर भेटायची, त्यामुळे वऱ्हाडाला बोटीने जावं लागायचं नाही.

लग्न बौद्ध पद्धतीने, मोजक्या माणसांत, सकाळी अकराला. प्रितमची थोरली बहीण जागृती त्रिशरण-पंचशील म्हणणार, शपथा देणार. ती तिघं आधीच बेटावर पोचली होती. प्रितम बिचारा म्हणाला होता, “काका, मी चौघांचं फ्लाइट बुक करतो, पलीकडे गाडी पाठवतो.”

“तू नवरदेव आहेस, ट्रॅव्हल एजंट नाहीस,” नरेंद्र म्हणाला. “तुझ्या आईबाबांना मी आणतो. माझी जबाबदारी.”

या जबाबदारीच्या मागे एक ‘अच्छा’ होतं.

अनयाने पहिल्यांदा फोनवर प्रितमबद्दल सांगितलं तेव्हा नरेंद्रने पहिलाच प्रश्न विचारला, “आडनाव काय?” ती म्हणाली, “मेश्राम.” नरेंद्र म्हणाला, “अच्छा.” बस्स, एवढंच. पण त्यानंतर इतका वेळ कोणी काही बोललं नाही, की अनयाला वाटलं फोन कट झाला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसले होते, आणि मीही तोंड उघडलं नाही. विरोध वगैरे नरेंद्रने कधीच केला नाही. आम्ही शिकलेली माणसं, आम्ही विरोध करत नाही, आम्ही ‘अच्छा’ म्हणतो. त्या वर्षी अनया दिवाळीला घरी आली नाही. पुढे सगळं ठरलं, तारीख निघाली, पण ती वडिलांशी बोलायची ती कस्टमर सर्व्हिसशी बोलावं तशी. तेव्हा मेश्रामांना फुलासारखं झेलत मांडवात नेऊन उभं करायचं, म्हणजे मुलगी आपल्याला माफ करेल, असं नरेंद्रने मनाशी घेतलं होतं. मलाही ते पटलं होतं. स्वतःच्या गप्प बसण्याचं परस्पर प्रायश्चित्त होत असेल तर कोणाला नको असतं?

आता हे सगळं आमच्या गाडीने सरळ झालं असतं. पण आम्ही जन्म काढला टेक्सासमध्ये, अर्विंगला. तिथे कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढतात. रस्त्याने कोणी चालताना दिसलं तर लोक काच खाली करून विचारतात, बिघडली का? रिटायर होऊन गेल्या वर्षी इकडे न्यू जर्सीत आलो आणि नरेंद्रला पब्लिक ट्रान्सपोर्टचा शोध लागला. कोलंबसला अमेरिकेचा लागला तसा. म्हणजे लोक तिथे आधीपासून होते.

त्याने टूरिस्ट लोकांसाठीचा रेल्वेचा पास शोधून काढला. महिनाभरात ठरावीक वेळा गाडीत बसायचं, सीट आधी बुक करायची. रेल्वेचा पास होता तो, आणि त्यावर ठळक अक्षरात ‘रेल’ असं लिहिलेलं होतं. पण नरेंद्र आयुष्यभर टेलिकॉम कंपनीत टेस्टिंग इंजिनिअर होता. तो लिहिलेलं वाचत नाही.

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून आमच्या मुलाने, अनिशने, फोनवर विचारलं, “बाबा, डिड यू रीड द टर्म्स?”

“टर्म्स वकील वाचतात. इंजिनिअर ट्रायल घेतो.”

पहिली ट्रायल त्याने आमच्या शेजारच्या गावातल्या बसमध्ये घेतली. मला घेऊन गेला. पास ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे धरला. ड्रायव्हर म्हणाला, “यू आर ऑल सेट, बडी.” आम्ही बसलो, गोल चक्कर मारली, जिथे चढलो तिथेच उतरलो. नरेंद्रने उतरताना पुन्हा एकदा पास दाखवला, सिस्टिम दोन्ही बाजूंनी तपासावी म्हणून. ड्रायव्हरने अंगठा दाखवला. झालं, बस पास.

मग त्याने चार पास छापले, लॅमिनेट केले आणि जुन्या कॉन्फरन्सच्या निळ्या पट्ट्या लावून गळ्यात घालायची सोय केली. आणि व्याह्यांना तो पास आहेर म्हणून द्यायचा, असंही ठरवलं. मी ताटात पास ठेवले, नारळ ठेवला, आणि हाताला लागलेल्या सवयीने कुंकवाचा करंडा घेऊन रमाबाईंपुढे उभी राहिले. बोट कुंकवात बुडालेलं, हात अर्ध्या वाटेवर, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात पुढेही जाईना, मागेही येईना.

रमाबाई म्हणाल्या, “ताई, कुंकू राहू द्या. नारळ मात्र द्या बरं, चटणीला होते.”

सगळे हसले. माझं लाल बोट मी दिवसभर पदराआड लपवून हिंडत होते. धुतलं तरी जाईना मेलं.

दुसरी ट्रायल व्याह्यांसकट झाली. ट्रेंटनहून रेल्वेने न्यूयॉर्क. रेल्वेत पास चालला, कारण तो रेल्वेचा होता. मग नरेंद्र म्हणाला, “आता बोट.” आणि आम्हाला घेऊन गेला त्या मोठ्या नारिंगी बोटीवर, जी स्टेटन आयलंडला जाते आणि वाटेत लिबर्टीचा पुतळा दाखवते. दारातून शेकडो माणसं आत चालली होती. तिथे एक माणूस मोठ्या झाडूने फरशी झाडत उभा होता. नरेंद्र त्याच्यासमोर थांबला, चारही पास एकेक करून त्याला दाखवले आणि म्हणाला, “फोर. फॅमिली.”

त्या माणसाने झाडूवर हनुवटी टेकवून ते निरखले. मग म्हणाला, “ब्यूटिफुल.”

“बघितलंत?” नरेंद्र रामभाऊंना म्हणाला. “कुठे वाद नाही, कुठे प्रश्न नाही. ही सिस्टिम आहे.”

“हो ना जी,” रामभाऊ म्हणाले. “फारच सोय आहे.”

परत येताना नरेंद्रने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पुतळ्यासमोरचा फोटो पाठवला. चौघांच्या गळ्यात पास. खाली लिहिलं, ‘कॉम्प्लिमेंट्स ऑफ रेल पास!’ खूप लोकांनी हसरे चेहरे पाठवले. मला वाटलं, लोकांना आनंद झाला.

शुक्रवारी आम्ही निघालो. सप्टेंबर संपत आला होता, हवा छान, बॅगा तीन. सगळ्यात मोठी रमाबाईंची. तिच्यात अनयासाठी नागपूरहून आणलेली पांढरी रेशमी साडी, प्रितमचा पांढरा कुर्ता, आणि आम्हा सगळ्यांचे कपडे, कारण नरेंद्रच्या मते सामान एकत्र केलं की मॅनेज करणं सोपं. बोस्टनपर्यंत रेल्वेने अगदी राजासारखं नेलं. रामभाऊ खिडकीशी बसून पूल मोजत होते, रमाबाईंनी डब्यातली मेथीची पुरी काढली, आणि नरेंद्र अधूनमधून म्हणत होता, “आहे की नाही?” काय आहे की नाही ते त्याने सांगितलं नाही, पण सगळे ‘आहे’ म्हणत होते.

बोस्टनला रेल्वेला लागूनच बसचा स्टँड. तिथून बस थेट धक्क्यावर जाते, धक्क्यावरून बोट बेटावर. बोटी या दिवसांत कमी. शेवटची बोट दिवेलागणीला, ती चुकली की सकाळपर्यंत काही नाही. आमच्याकडे वेळ भरपूर होता. बस उभी होती. नरेंद्रने सगळ्यात आधी बॅगा बसच्या पोटात टाकल्या आणि मग पास घेऊन दारात गेला.

ड्रायव्हर एक धिप्पाड बाई होती, डोळ्यांवर गॉगल. तिने पास हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“हनी, हा ट्रेनचा आहे.”

“येस,” नरेंद्र म्हणाला. “ट्रेन, बस अँड फेरी.”

“असं कोण म्हणालं?”

“मी टेस्ट केलाय. न्यूयॉर्कच्या फेरीवर चालला. ऑरेंज फेरी. चार माणसं.”

बाईने गॉगल काढला. “स्टेटन आयलंडची?”

“एक्झॅक्टली.”

“सर, ती फुकट आहे.”

“हो, पास असेल तर.”

“सगळ्यांना,” ती म्हणाली. “मला. तुम्हाला. कबुतरांना.”

आमच्यामागे रांग होती. रांग हसली. एक पोरगा इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी हिंदकळली. नरेंद्रने तरी माघार घ्यावी? नाही. टेस्टिंग इंजिनिअर एका डेटा पॉइंटवर हरत नाही.

“मग आमच्या गावातली बस? तिथे ड्रायव्हरने ऑल सेट म्हटलं!”

“त्या बसवर काय लिहिलेलं होतं?”

मला आठवलं. बसच्या कपाळावर मोठ्ठं ‘फ्री’ लिहिलेलं होतं. मला वाटलं होतं, फ्रीहोल्ड गावाला जात असेल, पुढची अक्षरं मावली नसतील.

मी मागे वळून व्याह्यांकडे पाहिलं. एखादी गोष्ट आत्ताच कळली की माणूस ‘अरे!’ म्हणतो. रामभाऊ ‘अरे’ म्हणाले नाहीत. ते स्टँडच्या छताकडे बघत होते, धरणाची गळती बघावी तसे, एकाग्र. रमाबाई पर्समध्ये नसलेली वस्तू शोधत होत्या. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी बोटीच्या दारावर पाटी असणार, आणि त्यांनी ती वाचलेली असणार. आणि तरीही दोघं गळ्यात आमचे लॅमिनेट केलेले पास घालून, फुकटच्या बोटीवर, झाडूवाल्याला तपासू देत शांतपणे उभे राहिले होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण बोस्टनची धरणी फरशीची होती.

“खिडकीवर तिकिटं मिळतील,” ड्रायव्हर बाई दया येऊन म्हणाली. “पळा. मी लगेच निघणार.”

आम्ही पळालो. चार ज्येष्ठ नागरिक पळतात तसे. खिडकीपाशी कोणी नव्हतं, आतला माणूस मोकळा होता, तिकिटं शिल्लक होती. अगदी दोन मिनिटांचं काम. नरेंद्रने कार्ड काढलं. आणि रामभाऊंनीही काढलं.

“आता माझं ऐका,” रामभाऊ म्हणाले. “एवढं मला करू द्या.”

“छे छे! तुम्ही व्याही. तुम्ही कार्ड काढायचं नाही.”

“अहो, त्यात काय एवढं?”

“रामभाऊ, माझी शपथ आहे!”

“आम्ही शपथा मानत नाही जी,” रामभाऊ हसत म्हणाले आणि कार्ड आत सरकवलं.

नरेंद्रने ते बाहेर ओढलं. आणि मग सुरू झालं ते, जे आपल्याकडे हॉटेलात बिल आलं की होतं. एकाने दुसऱ्याचं मनगट धरायचं, दुसऱ्याने कोपराने ढकलायचं, दोघांनी वेटरला दटावायचं, ‘त्यांचे घेऊ नका!’ फरक एवढाच की हॉटेल सुटून जात नाही. नरेंद्रने रामभाऊंचं कार्ड त्यांच्याच शर्टाच्या खिशात कोंबलं. रामभाऊंनी नरेंद्रला पोटाशी धरून बाजूला केलं. नरेंद्रने खिडकीच्या चौकटीला गच्च पकडलं. आतल्या माणसाने हात टेलिफोनकडे नेला.

“दे आर नॉट फायटिंग,” मी त्याला ओरडून सांगितलं. “दे आर रिलेटिव्हज!”

“मॅम,” तो म्हणाला, “नेहमी तेच असतात.”

“वसुधाताई,” रमाबाई माझा हात ओढत शांतपणे म्हणाल्या, “बस चालली.”

बस खरंच चालली होती. तिच्या पोटात आमच्या तिन्ही बॅगा, त्यातल्या एकीत उद्याच्या लग्नाचे सगळे पांढरे कपडे. नरेंद्र मागे धावला. धावताना त्याने गळ्यातला पास काढून हवेत हलवला. का, ते त्यालाच माहीत. बहुधा सवय.

पुढच्या बसची तिकिटं शेवटी मी काढली. दोन्ही पुरुष एकमेकांना धरून दम खात होते, तेवढ्यात.

पुढच्या बसमध्ये नरेंद्रने पास खिशात कोंबला. अनयाचा फोन आला तो मी घेतला.

“आई, इज एव्हरीथिंग ओके? तुम्ही लेट का?”

“बाबांना आणि व्याह्यांना जरा बोस्टन बघायचं होतं,” मी म्हणाले. “खिडकीतून.”

“बाबा ठीक वागतोय ना?”

“खूपच,” मी म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

वाटेत ट्रॅफिक लागला. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सूर्याकडे बघत राहिले, तर तोही घाईत होता. बोट चुकली तर नवरदेवाचे आईबाप रात्रभर धक्क्यावर, आणि ते आमच्यामुळे. ‘अच्छा’ म्हणून झालं होतं, आता पोरीला मांडवात सासू-सासरेही आणून देता येऊ नयेत. पलीकडच्या सीटवर रमाबाई उरलेली मेथीची पुरी नरेंद्रपुढे धरून बसल्या होत्या. “खा जी, नरेंद्रभाऊ. उपाशी पोटी लाज जास्त लागते,” त्या म्हणाल्या. हेडमिस्ट्रेस होत्या. नरेंद्रने गुपचूप खाल्ली.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट उभी होती. आणि बॅगाही! आमच्या तिन्ही बॅगा एका खांबाला टेकून बसल्या होत्या, आमच्यापेक्षा शहाण्यासारख्या. नरेंद्र त्यांना मिठी मारणार होता, पण धक्क्यावरच्या माणसाने त्या उचलून सामानाच्या चाकांच्या गाड्यावर ठेवल्या आणि गाडा बोटीत ढकलला. तिकिटाच्या खिडकीशी रामभाऊंनी हात मागे बांधून घेतले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. नरेंद्रने पैसे भरले. इतक्या समजूतदारपणे मी कोणाला कधी हरताना पाहिलं नव्हतं.

बोट सुटली. आता फक्त बसायचं आणि बाहेर बघायचं होतं. पण नरेंद्र उठला आणि वरच्या डेकवर रामभाऊंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी आणि रमाबाई मागच्या बाकावर. वारा असा, की रमाबाईंनी पदर दातात धरला होता.

“रामभाऊ,” नरेंद्र म्हणाला, “तुम्हाला ठाऊक होतं ना? नारिंगी बोट?”

“पाटी होती ना जी. मोठी होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही पहिल्यांदा आमच्यासाठी काही करून राहिले होते,” रामभाऊ म्हणाले. “म्हटलं, मध्ये कशाला बोला.”

‘पहिल्यांदा’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता, हे मला कळत होतं. म्हणूनच तो जास्त लागला. नरेंद्रने कठडा धरला.

“मला तुम्हाला एक सांगायचंय. अनयाने पहिल्यांदा फोन केला होता, तेव्हा—”

“काय?” वाऱ्याने अर्धं वाक्य नेलं. रामभाऊंनी कानाला हात लावला.

“म्हटलं, अनयाने सांगितलं तेव्हा मी—”

“ऐकू नाही येऊन राहिलं!”

“मी आडनाव विचारलं होतं!” नरेंद्र पूर्ण ताकदीने ओरडला. “पहिला प्रश्न! मुलगा कसा आहे विचारलं नाही, आडनाव विचारलं! मला लाज वाटते त्याची!”

परदेशात आपल्याला वाटतं, मराठी म्हणजे आपल्या घराची भिंत. तिच्याआड काहीही बोलावं. कठड्यापाशी चार पोरं-पोरी चिप्स खात उभी होती. चौघांनी एकदम मान वळवली. त्यातली एक मुलगी, विदर्भातलीच असावी, हळूच म्हणाली, “काका, आम्हाला पण आलं ऐकू.”

“सॉरी,” नरेंद्र म्हणाला. मग त्या चौघांनाही एकेकदा सॉरी म्हणाला. मी बाकावर बसल्या बसल्या माझी ओढणी डोक्यावरून घेतली, थंडीचं निमित्त करून.

रामभाऊ पाण्याकडे बघत म्हणाले, “सगळेच विचारतात. मी चीफ इंजिनिअर होतो तरी विचारायचे. चहा पिता पिता विचारायचे. आता तुम्ही विचारलं आणि तुम्हाला लाज वाटली, तर वाटू द्या. मी काही तिला थांबवत नाही.”

“नाही, नाही. वाटलीच पाहिजे.”

“हं. पण हळू वाटू द्या. लोकं चिप्स खाऊन राहिले.”

रमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “मी पण होते तिथे. फोन स्पीकरवर होता.” एवढंच निघालं तोंडातून, तेही हळू. पण आम्ही खेटून बसलो होतो, त्यांना ऐकू गेलं. माझी ओढणी उडत होती, तिचं टोक धरून त्यांनी मांडीखाली दाबून ठेवलं.

बेट आलं. धक्क्यावर अनया आणि प्रितम उभे दिसले, हात हलवत. नरेंद्र एकदम ताठ झाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी धड होतं. व्याही शाबूत होते, वेळेत होते, हसत होते. उतरायच्या दारापाशी तो बाजूला सरून उभा राहिला.

“आधी तुम्ही, रामभाऊ.”

“तुम्ही चला जी.”

“नाही. आज आधी तुम्हीच.”

पुन्हा मनगटं धरली जाण्याच्या आत मी दोन्ही व्याह्यांना पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं आणि मागोमाग मीही उतरले. नरेंद्र दार धरून उभाच. आमच्या मागून इतर माणसं येऊ लागली, आणि दार धरून उभा असलेला माणूस बघून प्रत्येक जण त्याला ‘थँक यू’ म्हणू लागला. एका आजींनी त्याच्या हातात आपला कुत्रा दिला. त्याने तो खाली पोचवला आणि परत दारात गेला. ती चिप्सवाली पोरं जाताना म्हणाली, “ऑल द बेस्ट, काका.”

अनया धावत येऊन आधी रमाबाईंच्या गळ्यात पडली, मग रामभाऊंच्या, मग माझ्या. मग म्हणाली, “बाबा कुठेय?”

मी वळून पाहिलं. नरेंद्र दारातून मला विचारत होता, “बॅगा?”

मी काही म्हणायच्या आत तो बॅगा शोधायला आत पळाला. सामानाचा गाडा केव्हाच बाहेर आला होता. प्रितमच्या एका हातात रमाबाईंची बॅग होती. बोटीने भोंगा दिला, फळी वर गेली, आणि बोट हळूहळू मागे सरकली. रात्री ती पलीकडच्या धक्क्यावरच मुक्कामाला असते.

नरेंद्र वरच्या डेकवर दिसला. त्याला वाटलं बोट वळते आहे. त्याने आम्हाला हात केला.

“बाबा, थांब!” अनया धक्क्याच्या टोकापर्यंत धावत गेली. जणू बोट तोच चालवत होता.

“उडी नका मारू जी!” रामभाऊ ओरडले.

त्याने उडी मारली नाही. तो पलीकडे गेला आणि धक्क्याजवळच्या मोटेलमध्ये झोपला. सकाळी दाट धुकं पडलं. पहिली बोट रद्द झाली. दुसरीही झाली. अकरा वाजता जागृतीने सुरुवात केली. अनया पांढऱ्या साडीत होती, प्रितम पांढऱ्या कुर्त्यात. रामभाऊंनी आपला फोन उंच धरला होता, त्यात नरेंद्र व्हिडिओवर हात जोडून उभा होता. पंचशील निम्म्यात आलं तेव्हा त्याच्या फोनची बॅटरी संपली.